स्प्रिंग आपल्या वजनाची

पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा आंबेनळी घाट किंवा महाडहून भोरकडे जाणारा वरंधा घाट, सायकल चढवायला छातीत दम लागतो; उतरवायला मात्र धड स्प्रिंगही लागते. काही डोंगरी सायकलींच्या मागच्या शॉकॲब्सॉर्बरवर, म्हणजे आपल्या गॅरेजवाल्यांच्या 'शॉकअप'वर, वेटोळी स्प्रिंग असते. ती फार मऊ असेल तर खड्ड्यात शॉकअप धाडकन तळाला टेकतो. फार कडक असेल तर चाक खडीवर उड्या मारते, आणि जमीन सोडलेल्या चाकाला ब्रेक लावून काय उपयोग? गझलेत वजन चुकले तर शेर पडतो; इथे स्वार पडतो.

स्प्रिंगवर '४०० - २.५' असे आकडे असतात. पहिला आकडा कडकपणाचा : ती एक इंच दाबायला ४०० पौंड भार लागतो. दुसरा, ती किती इंच दबू शकते त्याचा. भार दुप्पट तर दबणेही दुप्पट, हा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७८ साली मांडला.

मी साधा बी. ए. झालेला माणूस, पण पुढचा हिशेब मलाही कागदावर जमला. कपडे, हेल्मेट, पाठपिशवी यांसह स्वार ८० किलोंचा धरा. त्यातले सुमारे ५० किलो मागच्या चाकावर येतात. चाक १५० मिलिमीटर वर जाताना शॉकअप ६० मिलिमीटर दबत असेल, तर तरफेच्या नियमाने त्याच्यावर अडीचपट, म्हणजे १२५ किलो भार पडतो. स्वार नुसता चढला की शॉकअप साधारण ३० टक्के, म्हणजे १८ मिलिमीटर दबावा. १२५ भागिले १८, म्हणजे मिलिमीटरला जवळजवळ ७ किलो. पौंड-इंचांत सुमारे ३९०. स्प्रिंगा बहुधा ५०च्या टप्प्याने मिळतात, म्हणून ४००ची घ्यावी. ती २.५ इंच दबते, म्हणजे ६० मिलिमीटरला पुरेशी.

मऊ स्प्रिंगवरची चकती आवळून काम भागवण्याची आपल्याकडे सवय. मागे माणूस बसला की मोटारसायकलच्या शॉकअपची खाच चढवतो, तसेच हे. त्याने गाडी उंच बसते. स्प्रिंगचा कडकपणा तोच राहतो. चकती एक-दोन फेऱ्यांहून जास्त आवळावी लागली, तर स्प्रिंगच बदलावी.

मित्राची सायकल छान उतरते म्हणून त्याच आकड्याची स्प्रिंग मागवू नका. आधी सामानासकट काट्यावर उभे राहा.