चौतीस गावं, दहा हंगाम

३० जानेवारी २००० रोजी सेंट लुईस रॅम्सने सुपर बोल, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएल या सर्वोच्च लीगचा अंतिम सामना, जिंकला आणि सामन्याचा मानकरी ठरला कर्ट वॉर्नर. काही वर्षांपूर्वी हाच माणूस आयोवा राज्यातल्या सीडर फॉल्स गावी ‘हाय-व्ही’ या किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावत होता. ग्रीन बे पॅकर्स या मोठ्या संघाने त्याला सराव शिबिरातूनच घरी पाठवलं होतं. त्या दुकानापासून सुपर बोलपर्यंतच्या वाटेवर तो १९९५ ते १९९७ असे तीन हंगाम डे मॉइन शहराच्या ‘आयोवा बार्नस्टॉर्मर्स’ संघाकडून खेळला. हा संघ उघड्या मैदानावर खेळत नसे. तो छताखाली, आइस हॉकीच्या रिंगणाएवढ्या जागेत खेळे.

वॉर्नरचा फोटो देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकला आणि त्याच वसंतात अमेरिकेतल्या पंधरा मध्यम शहरांत ‘अरीना फुटबॉल टू’, सगळे म्हणत त्याप्रमाणे ‘एएफ-टू’, ही दुय्यम लीग सुरू झाली. तिची तयारी १९९९पासून चालू होती, पण वॉर्नरच्या कहाणीपेक्षा चांगली जाहिरात कुणालाही विकत घेता आली नसती. तुमच्या गावच्या सभागृहात आज धावणारा पोरगा उद्या सुपर बोलमध्ये दिसू शकतो, असं संघमालक सांगू शकत होते, आणि लोकांना ते पटत होतं. प्रत्यक्षात पुढच्या दहा वर्षांत या लीगमधून दुसरा वॉर्नर निघाला नाही. तरीही लीग दहा हंगाम चालली आणि तिच्यातले काही संघ आजही खेळतात. असं का झालं, हे मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं.

आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की पायाने खेळायचा चेंडू. इथे गोष्ट आहे ती अमेरिकी फुटबॉलची: लांबट चेंडू हातात धरून पळण्याची, फेकण्याची, अंगावर येणाऱ्याला आडवं पाडण्याची. हा खेळ छताखाली आणला जिम फॉस्टर यांनी. फेब्रुवारी १९८१मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकरचा सामना बघताना त्यांना ही कल्पना सुचली आणि हाताशी असलेल्या खाकी पाकिटावर त्यांनी तिचा आराखडा काढला. १९८६मध्ये इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्डला चाचणी सामना झाला आणि १९८७मध्ये चार संघांची ‘अरीना फुटबॉल लीग’ उभी राहिली.

फॉस्टर यांनी मैदान अर्ध्यावर आणलं. लांबी ५० यार्ड, रुंदी ८५ फूट, दोन्ही टोकांना आठ-आठ यार्डांची गोलरेषेपलीकडची पट्टी. हिशेब केला तर हे माप हॉकीच्या रिंकमध्ये जवळजवळ चपखल बसतं. एका बाजूला अकराऐवजी आठ खेळाडू, आणि त्यातल्या बहुतेकांनी आक्रमणही करायचं, बचावही करायचा. गोलखांबांच्या दोन्ही बाजूंना ३० फूट रुंद, ३२ फूट उंच ताणलेल्या जाळ्या. त्यांच्यावर आदळून परत आलेला चेंडू जिवंतच राहतो. किक चुकली म्हणून सुटका नाही. जाळीवरून चेंडू कुठल्या कोनात उसळेल याचा अंदाज घेत बचावाचा गडी मान वर करून मागे-मागे धावतो, तेवढ्यात समोरचे त्याच्यावर चाल करून येतात. सीमारेषेला चुना नसतो, गादी लावलेली कमरेएवढी भिंत असते. पास झेलायला झेपावलेला रिसीव्हर त्या भिंतीवर आदळतो, कधी पलीकडे कोलमडून पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाच्या मांडीत जाऊन पडतो. प्रेक्षकांत गेलेला चेंडू परत करायचा नसतो, ज्याला मिळाला त्याचा. पन्नास-साठ गुण ही विजयाची नेहमीची गुणसंख्या.

जाळ्यांच्या या खेळाचं पेटंट फॉस्टर यांना १९९०मध्ये मिळालं. त्यामुळे नव्वदच्या दशकात इनडोअर फुटबॉलच्या ज्या छोट्या लीग निघाल्या त्यांना जाळ्यांविना खेळावं लागलं. पण गावोगावच्या सभागृहांत गर्दी जमते, एवढं त्यांनी दाखवून दिलं. थोरल्या अरीना फुटबॉल लीगने त्यावरून हिशेब मांडला: हा बाजार दुसऱ्यांनी काबीज करण्याआधी आपणच खाली उतरावं. एएफ-टूचा जन्म असा झाला. अर्ध्याहून अधिक मालकी थोरल्या लीगकडे, जाळ्या आणि नियम तिचेच.

छोट्या शहरांची गरजही खरी होती. ऐंशी-नव्वदच्या दशकांत अमेरिकेतल्या लाख-दीड लाख वस्तीच्या गावांनीसुद्धा आठ-दहा हजार खुर्च्यांची बंदिस्त स्टेडियमं बांधली. हिवाळ्यात तिथे दुय्यम दर्जाचं आइस हॉकी चाले. एप्रिल ते ऑगस्ट मात्र एखादी सर्कस, एखादी गाण्याची मैफल, बाकी कुलूप. कर्ज, वीज, पगार थांबत नसत. एएफ-टूचा हंगाम नेमका याच महिन्यांत बसवला होता. हॉकी संघांच्या मालकांना तर हे आयतंच होतं: तिकीट खिडकी तीच, जाहिरातदार तेच, कार्यालयातली माणसं तीच. सामन्याच्या आधी कामगार कृत्रिम हिरवळीचे जड गुंडाळे गाड्यांवरून आत आणत, काँक्रीटवर एकेक पट्टा उलगडत, कडा एकमेकींना जोडत, यार्डांच्या रेषा जुळतात का ते वाकून बघत, मग भिंतींना गाद्या चढवत. दुसऱ्या दिवशी दुसरा कार्यक्रम असेल तर त्याच रात्री सगळं गुंडाळून परत.

पहिल्या हंगामातल्या १५ संघांपैकी १२ अमेरिकेच्या आग्नेय भागातले: रिचमंड, रोअनोक, नॉरफोक, ग्रीन्सबरो, चार्ल्स्टन, ऑगस्टा, टॅलहॅसी वगैरे. बसने जाऊन खेळून परत यावं, विमानाचा खर्च पडू नये, हा त्यातला शहाणपणा. उरलेले तीन म्हणजे ओक्लाहोमातलं टल्सा, आर्कान्सा राज्याचा ट्विस्टर्स आणि मिसिसिपी नदीकाठचा क्वाड सिटी.

क्वाड सिटीवर जरा थांबायला हवं. आयोवा आणि इलिनॉय या राज्यांच्या सीमेवर नदीच्या दोन्ही तीरांना चिकटून असलेल्या शहरांचा हा पुंजका: डेव्हनपोर्ट, बेटेनडॉर्फ, रॉक आयलंड, मोलीन. मोलीन म्हणजे जॉन डिअर कंपनीचं माहेर. पुण्याजवळ सणसवाडीत ज्यांचे हिरवे ट्रॅक्टर तयार होतात तीच कंपनी. मोठ्या खेळांच्या नकाशावर या पट्ट्याला जागा नव्हती. इथला संघ उभा केला खुद्द जिम फॉस्टर यांनी. खेळाचा जनक थोरल्या लीगच्या बड्या शहरांत न थांबता मोलीनच्या सभागृहात आला. नदीतल्या जुन्या वाफेच्या बोटींवरून संघाचं नाव पडलं ‘स्टीमव्हीलर्स’. साखळीतले सोळा आणि बाद फेरीतले तीन, असे एकोणीसच्या एकोणीस सामने या संघाने पहिल्या हंगामात जिंकले. अंतिम सामन्यात त्यांनी हंट्सव्हिलच्या टेनेसी व्हॅली वायपर्सना ६८–५९ असं हरवलं. पुढच्या वर्षी पुन्हा चषक त्यांचाच.

खेळाडूला सामन्यामागे दोनशे डॉलर मिळत. राहायची सोय संघाची. दोनशे डॉलरांत कुणाचं घर चालत नसे, तेव्हा दिवसा दुसरी नोकरी आणि संध्याकाळी सराव हा शिरस्ता. कॉलेजात नाव कमावलेली, एनएफएलने न निवडलेली पंचविशीतली मुलं एकेक वर्ष स्वतःला देत होती. लीगच्या प्रचाराचा सगळा भर त्यांच्या स्वप्नावर होता आणि त्यातलं किती खरं ठरेल हे मालकांना ठाऊक होतं. ही बाब मला खटकत आली आहे. पण सामन्यानंतर याच मुलांना हिरवळीवर उतरलेल्या शाळकरी पोरांच्या टोप्यांवर सह्या करायला थांबवलं जाई. टेलिव्हिजनवरच्या ताऱ्याला हात लावता येत नाही, याला येतो, आणि त्यासाठी माणसं पुढच्या शनिवारी परत येत.

दुसऱ्या हंगामात १५चे २८ संघ झाले, तिसऱ्यात, २००२मध्ये, ३४. नवा संघ आला की प्रवेशशुल्क येतं. त्यामुळे लीगच्या वहीत विस्तार ही मिळकत म्हणून दिसते, आणि गाव संघ पोसू शकेल का हा प्रश्न मागे पडतो. बसच्या अंतरांचा शहाणपणाही विसरला गेला. २००२मध्ये लीगमध्ये एक संघ थेट होनोलुलूचा होता. दोनशे डॉलर मानधनाच्या लीगने पॅसिफिक ओलांडून सामने खेळायचे! तीन हंगामांत तो संघ संपला. बॅटन रूज आणि लाफायेत इथले संघ तर एकाच वर्षात गेले. २००२चा चषक पिओरिया पायरेट्सने जिंकला आणि पुढच्या हंगामात हा विजेता संघ मैदानातच नव्हता. मूळच्या १५ संघांपैकी २००४च्या हंगामात पाच उरले होते. टल्सा, आर्कान्सा आणि क्वाड सिटी हे तिघेच सर्व दहा हंगाम सलग खेळले.

एएफ-टूचा इतिहास सांगताना बरेच जण इथेच पूर्णविराम देतात: फुगा होता, फुटला. मला तसं वाटत नाही. पडझडीनंतर २००५मध्ये २० संघ होते, २००७मध्ये पुन्हा ३० झाले, आणि या दुसऱ्या फळीत आलेल्या काही संघांची मुळं खोल गेली. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकॅनचा ‘शॉक’ २००६मध्ये आला, पहिल्याच वर्षी चषक घेऊन गेला आणि दर सामन्याला दहा हजारांवर माणसं आणू लागला. एवढी गर्दी थोरल्या लीगच्या काही शहरांनाही जमत नव्हती. २००८च्या अंतिम सामन्यात टेनेसी व्हॅलीने याच स्पोकॅनला जादा वेळेत ५६–५५ असं, एका गुणाने, हरवलं. या लीगमध्ये खेळ कच्चा होता असं म्हणणाऱ्यांनी तो सामना बघायला हवा.

तिकडे थोरली लीग श्रीमंतीच्या मागे लागली होती. डॅलस काउबॉइजचे मालक जेरी जोन्स, डेन्व्हरचा जॉन एल्वे अशी एनएफएलमधली बडी माणसं संघ घेऊन उतरली. २००३पासून एनबीसी वाहिनीवर सामने दिसू लागले. पगार वाढले, सभागृहं मोठी झाली, तोटेही मोठे झाले. डिसेंबर २००८मध्ये, आर्थिक मंदीच्या ऐन तडाख्यात, तिने २००९चा हंगामच रद्द केला आणि ऑगस्टमध्ये दिवाळखोरी जाहीर झाली. त्याच उन्हाळ्यात धाकटी लीग मात्र ठरलेल्या तारखांना खेळत होती. २२ ऑगस्ट २००९ला लास व्हेगासला अंतिम सामना झाला, त्यात स्पोकॅनने विल्क्स-बॅरी/स्क्रॅन्टनला ७४–२७ असं लोळवलं. एएफ-टूचा तो शेवटचा सामना. अर्ध्याहून अधिक मालकी दिवाळखोर आईकडे असल्यामुळे करार कुणाशी करायचा हेच कुणाला कळेना, आणि सप्टेंबरात एकाही संघाने पुढच्या वर्षासाठी सही केली नाही. चालती लीग कागदावर संपली. एएफ-टू प्रेक्षकांअभावी गेली, हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

त्यानंतर काही संघमालकांनी एकत्र येऊन लिलावात थोरल्या लीगची मालमत्ता ६१ लाख डॉलरांना विकत घेतली. २०१०मध्ये जुन्या नावाने उभ्या राहिलेल्या १५ संघांत टल्सा, स्पोकॅन, आयोवा, ओक्लाहोमा सिटी हे धाकट्या लीगमधून आलेले होते, आणि पहिलंच विजेतेपद स्पोकॅनने पटकावलं. आधीच्या वर्षी दोनशे डॉलरांच्या लीगमध्ये खेळणाऱ्या संघाने थोरल्यांचा करंडक उचलला. ती लीगही २०१९मध्ये बुडाली. २०२४मध्ये तेच नाव घेऊन १६ संघांची घोषणा झाली आणि काही आठवड्यांत संघ भराभर गळाले. आकडा आधी, गावं नंतर, हा २००२चा हव्यास तसाच.

या गोष्टीचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. २०११मध्ये ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ जाहीर झाली. खेळ अमेरिकी फुटबॉलचाच, पण उघड्या मैदानावरचा. ‘पुणे मराठाज’, ‘मुंबई ग्लॅडिएटर्स’ ही संघांची नावं. पैसा घालणाऱ्यांत खुद्द कर्ट वॉर्नर होता. २०१२मध्ये सामने टेन स्पोर्ट्सवर दिसले, पण ‘मराठाज’ आपले म्हणून पुण्यात कुणी तिकिटासाठी रांग लावल्याचं आठवत नाही. टेलिव्हिजन होता, गाजलेली नावं होती. संघाला ओळखणारं गाव जमवायला वेळ कुणी दिला नाही, आणि लीग रुजली नाही. वॉर्नर स्वतः डे मॉइनच्या प्रेक्षकांसमोर घडला होता, म्हणून याचं जास्त वाईट वाटतं.

आज ‘इनडोअर फुटबॉल लीग’ या दुसऱ्याच संस्थेच्या वेळापत्रकात ग्रीन बे ब्लिझर्ड आहे, आयोवा बार्नस्टॉर्मर्स आहे आणि क्वाड सिटी स्टीमव्हीलर्सही आहे. फॉस्टर यांचा मूळ संघ २००९ला बंद पडला होता. नव्या मालकांनी २०१८मध्ये संघ उभा केला तेव्हा नाव तेच ठेवलं आणि सामने मोलीनच्या त्याच सभागृहात भरवले. या लीगमध्ये उसळत्या जाळ्या नाहीत. फॉस्टर यांच्या पेटंटची मुदत संपून बरीच वर्षं झाली, कुणालाही त्या लावता येतील, तरी त्या लावलेल्या नाहीत.