रजिस्ट्रेशन झालं म्हणजे घर झालं?

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, वारज्यात टू बीएचके मिळतोय, वरच्या मजल्यापेक्षा बारा लाखांनी कमी. लोअर ग्राउंड आहे."

"लोअर ग्राउंड म्हणजे?"

"म्हणजे... बेसमेंटच. पण रजिस्ट्रेशन होतंय!"

हे 'पण रजिस्ट्रेशन होतंय' मी इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटले. शिकलेली, इंजिनियर झालेली माणसंही ते मोठ्या विश्वासाने सांगतात. म्हणून एकदा नीट सांगतो.

दुय्यम निबंधक नोंदवतो तो दस्त. सही करणारा तोच माणूस आहे ना, मुद्रांक शुल्क भरलं ना, हे तो बघतो. ज्या जागेचा दस्त झाला तिथे राहायला पालिकेची परवानगी आहे की नाही, याचा निवाडा त्या टेबलावर होत नाही. इमारतीचा कायदेशीरपणा ठरतो तो मंजूर नकाशावरून आणि भोगवटा प्रमाणपत्रावरून. महाराष्ट्राच्या बांधकाम नियमावलीत तळघर असतं गाड्या, सामानसुमान, विजेची आणि वातानुकूलनाची यंत्रं, बँकेची तिजोरी असल्या गोष्टींसाठी. स्वयंपाकघर आणि बेडरूमसाठी नाही. अशा वापराचं तळघर एफएसआयच्या, म्हणजे परवानगी असलेल्या बांधकाम क्षेत्राच्या, हिशेबात धरत नाहीत, आणि स्वस्ताईचं गुपितही तिथेच आहे. हिशेबात न धरलेली जागा विकली की येईल तो पैसा नफाच.

वर रेरा कायद्यात (2016) सामाईक जागांच्या व्याख्येत गच्ची, बगीचा यांच्या रांगेत सामाईक बेसमेंटही नाव घेऊन लिहिलंय. म्हणजे सगळ्या सोसायटीच्या मालकीची जागा एकाला विकली जात असण्याचीही शक्यता आहे.

"पण आम्ही टॅक्स भरतो." भरा. पालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते, वर शास्तीही लावते. पिंपरी-चिंचवडकरांना हे वेगळं सांगायला नको. कराची पावती फाडली म्हणून बांधकाम नियमित होत नाही. वरळीची कॅम्पा कोला वसाहत आठवा. तिथे प्रश्न तळघराचा नव्हता, परवानगीपेक्षा चढवलेल्या मजल्यांचा होता. माणसं वर्षानुवर्षं राहत होती, कर भरत होती. 2013 साली सर्वोच्च न्यायालयाने ते मजले नियमित करायला नकार दिला, आणि पुढच्या वर्षी पालिकेने त्यांचं पाणी, वीज, गॅस तोडला.

"बँकेने कर्ज मंजूर केलंय." बँकेचा वकील बँकेची काळजी घेतो. हप्ते तुम्ही भरणार.

आता एक खरी गोष्ट. उताराच्या प्लॉटवर एक बाजू मातीत आणि दुसरी दरीकडे उघडी, असा मजला निघतो. तो नकाशात राहण्याचा मजला म्हणून मंजूर असेल आणि भोगवट्यात आला असेल, तर त्याला नाक मुरडायचं कारण नाही. लिफ्ट बंद पडली तरी आजी-आजोबांचं अडत नाही, आणि मे महिन्यात तिथे खरंच गारवा असतो. जमिनीत थोडं खोल गेलं की तापमान वर्षाच्या सरासरीजवळ राहतं, त्यामुळे एसी न लावता दुपारी झोप लागते.

पण तोच गारवा जुलैत उलटतो. बाहेरची दमट हवा त्या गार भिंतीला लागली की तिथेच पाणी धरते. खिडक्या उघडाव्यात तर आणखी दमटपणा आत. गणपतीच्या सुमारास मातीकडच्या भिंतीला टेकलेलं कपाट पुढे ओढून बघा: मागे काळे ठिपके, आत चामड्याच्या चपलेवर हिरवट लव, आणि लोणा लागलेल्या भिंतीचे पापुद्रे जमिनीवर.

त्यावर ठरलेलं उत्तर येतं: आतून वॉटरप्रूफ रंग मारू. अहो, भिंतीपलीकडे तीन मीटर पाणी साचलं, तर तळाशी दर चौरस मीटरला तीन टन दाब पडतो. तो रंगाच्या पापुद्र्याने कसा अडेल? पाणी अडवायचं ते बाहेरून, बांधतानाच. शहाबादी फरशी लावून बॉक्स वॉटरप्रूफिंग करतात ते याचसाठी. इमारत उभी राहिल्यावर ते करायचं तर चारी बाजूंनी खणावं लागतं, आणि शेजारची भिंत लागून असेल तर तेही जमत नाही.

"परदेशात सगळे बेसमेंटमध्येच राहतात." न्यूयॉर्कमध्ये राहतात, आणि नियमही आहेत: निम्मी उंची रस्त्याच्या वर असेल तरच ते बेसमेंट, नाहीतर ते तळघर, आणि ते सहसा राहायला भाड्याने देता येत नाही. हे नियम सर्रास मोडले जातात. 2021 च्या सप्टेंबरात 'आयडा' वादळाच्या पावसात त्या शहरात 13 माणसं गेली, त्यातली 11 अशाच घरांत.

"पाणी आलंच तर पंप आहे." वीज गेली की पंपही गेला. शिवाय पाणी दारातूनच येतं असं नाही. तुमचा कमोड रस्त्यावरच्या मॅनहोलपेक्षा खाली असेल आणि मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसेल, तर तुंबलेलं गटार कमोडमधून वर येतं. आणि पाणी आलं की काय होतं ते दिल्लीत दिसलं: 27 जुलै 2024 ला राजेंद्रनगरच्या एका शिकवणीवर्गाच्या तळघरात पाणी घुसून तीन विद्यार्थी गेले. तळघराला परवानगी पार्किंग आणि सामानाची होती, आणि तिथे वाचनालय चाललं होतं.

"वास्तुशास्त्रात तळघर अशुभ." त्याची काळजी नंतर करा, आधी ओलीची करा.

भाच्याला मी एवढंच सांगितलं: मंजूर नकाशाची प्रत माग, भोगवटा प्रमाणपत्रात हा फ्लॅट आहे का बघ, महारेराच्या संकेतस्थळावरचा नकाशा त्याच्याशी ताडून पाहा, आणि घर बघायला मुसळधार पाऊस असेल त्या दिवशी जा. त्याने नकाशा मागितला. एजंट "उद्या पाठवतो" म्हणाला, त्याला आज अकरा दिवस झाले. तोवर टोकनचा एक रुपया द्यायचा नाही, हे मी त्याच्याकडून वदवून घेतलंय.