उंबराचं पाणी आणि पौलाचं पत्र

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी गावठाणात बँड वाजू लागला की बायका लुगडी नेसून, घागरी घेऊन विहिरीकडे निघतात. ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतला हा 'उंबराचं पाणी' नावाचा विधी. पूर्वी उंबराखालच्या विहिरीतून पाणी आणायचे, म्हणून हे नाव. आता अंधेरी-बोरिवलीकडे कुठे विहीर बुजली, कुठे तिच्यावर जाळी बसली, तर कुठे नळावरच घागर भरून घेतात. गाणी मात्र अजून मराठीच आहेत आणि ती बायकांनाच येतात. पहिली घागर कोणी उचलायची, कोणाचा मान आधी, कोण रुसलंय आणि तिला कोणी आणायचं, हे सगळं त्याच ठरवतात. पुरुष बँडच्या मागेपुढे नाचत असतात.

दुसऱ्या दिवशी हीच माणसं चर्चमध्ये बाकांवर बसतात. पुष्कळ लग्नांत तेव्हा संत पौलाच्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय वाचला जातो: पत्नीने पतीच्या अधीन राहावं, कारण पती हा पत्नीचं मस्तक आहे. काल घागर घेऊन सर्वांच्या पुढे चालणारी आत्या आज पदर सावरून, मान खाली घालून ते ऐकते. ही दोन चित्रं मी लहानपणापासून शेजारीशेजारी पाहत आले. ख्रिस्ती धर्म स्त्रीपुरुषांबद्दल काय सांगतो असं मला कोणी विचारलं की मी उलट विचारते, कोणता उतारा वाचून सांगू?

कारण उतारे अनेक आहेत. याच पौलाने गलतीकरांना लिहिलं की ख्रिस्तात यहुदी-ग्रीक, दास-स्वतंत्र, स्त्री-पुरुष असा भेद उरत नाही. इफिसकरांच्या पत्रातही बाविसाव्या ओवीच्या आधी एकविसावी आहे आणि ती सर्वांनाच एकमेकांच्या अधीन व्हायला सांगते. सर्वात जुन्या ग्रीक हस्तलिखितांत बाविसाव्या ओवीला स्वतःचं क्रियापदच नाही. 'अधीन होणं' हे क्रियापद ती आधीच्या ओवीतून उसनं घेते. म्हणजे पत्नीला दिलेली आज्ञा सर्वांना दिलेल्या आज्ञेतूनच निघते. त्यापुढे पतीला जे सांगितलंय ते पत्नीला सांगितलेल्यापेक्षा कितीतरी लांब आहे: ख्रिस्ताने मंडळीसाठी प्राण दिला तसं प्रेम कर. उत्पत्तीच्या पुस्तकात स्त्रीला 'साहाय्यक' म्हटलंय, त्यासाठी मूळ हिब्रूत 'एझेर' हा शब्द आहे. जुन्या करारात तो बहुतेक वेळा देवासाठी येतो, संकटात धावून येणाऱ्या देवासाठी. पण आमच्या कानांवर आलेली 'साहाय्यक' कायम हाताखालची होती.

हा अर्थ इथे कसा रुजला ते समजायला साष्टीचा, म्हणजे आजची मुंबईची उपनगरं ज्या बेटावर आहेत त्याचा, इतिहास पाहावा लागतो. 1534 मध्ये वसईबरोबर साष्टी पोर्तुगीजांकडे गेली आणि 1739 पर्यंत मराठ्यांनी ती जिंकून घेतली. मधल्या दोनशे वर्षांत बोरिवलीला मंडपेश्वराच्या लेण्यांशेजारी मठ उभा राहिला आणि मरोळला 1579 साली सेंट जॉन द इव्हॅन्जलिस्टचं चर्च. त्याचे भग्न अवशेष आज सीप्झ या उद्योगवसाहतीच्या आवारात आहेत. बाप्तिस्मा घेतला तरी कुणबी कुणबीच राहिला आणि कोळी कोळीच. भाषा, लुगडं, शेतं, जातींमधलं अंतर, काहीच सुटलं नाही. 1887 साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, या समाजाने 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं.

त्यामुळे चर्चची 'घराची राणी' आणि गावठाणातली बाई यांचा मेळ कधी नीट बसलाच नाही. 1930 च्या अखेरीस पोप अकरावे पायस यांनी विवाहावरच्या पत्रकात पुरुषाला कुटुंबाचं मस्तक आणि स्त्रीला हृदय म्हटलं. त्या काळात गोराई-मनोरीची कोळीण टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठत होती. पैसे तिच्या कनवटीला असत आणि भावही तीच करी. कुणबीण चिखलात उभी राहून भात लावत होती. एप्रिल-मेमध्ये वाळलेल्या मिरच्या भाजून बायका लाकडी मुसळांनी आळीपाळीने बाटली मसाला कुटत, मग तो गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरत. उजेड लागला तर रंग उडतो. तो ठसका एकदा घशात गेलेल्या माणसाला 'अबला' हा शब्द या बायकांसाठी वापरवणार नाही. वर्षभराची चव त्यांच्या हातात होती आणि घरातला शेवटचा शब्द पुरुषाच्या तोंडात. दोन्ही एकाच छपराखाली नांदलं.

धर्माने दिलेल्या जागेला पहिला मोठा प्रश्न विचारला तो मराठीतल्याच एका बाईने. पंडिता रमाबाईंनी 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे त्या चेल्टनहॅमला राहिल्या. तिथे त्यांनी मुलांना, म्हणजे पुरुष विद्यार्थ्यांना, शिकवावं अशी कल्पना निघाली, तेव्हा लाहोर आणि मुंबईच्या अँग्लिकन बिशपांनी हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांना शिकवलं तर भारतात तिचं नाव खराब होईल, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंना नवल वाटलं. आपल्या वडिलांनी आईला कधी अडवलं नाही, पतीने आपल्याला अडवलं नाही, मग हे का अडवतात, असं त्यांनी कळवलं. त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, सनातनी समाजाचा रोष पत्करून बायकोला आणि लेकीला संस्कृत शिकवलं होतं. नव्या धर्मातही तोच उंबरठा आडवा आला, तेव्हा त्या थांबल्या नाहीत. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून स्वतः बायबल मराठीत आणायला घेतलं आणि 1922 साली मृत्यू येईपर्यंत ते काम केलं. खिळे जुळवणाऱ्या, छापखाना चालवणाऱ्या मुक्तीतल्या मुली होत्या. उतारा कोणता वाचायचा हे ठरवायचं तर आधी तो स्वतः वाचता आला पाहिजे, हे त्यांना कळलं होतं.

उपनगरांतल्या ख्रिस्ती बाईला पौलापेक्षाही जास्त जाचलं ते 1869 च्या घटस्फोट कायद्याने. पतीला घटस्फोट हवा असेल तर पत्नीचा व्यभिचार दाखवणं पुरेसं होतं. पत्नीला मात्र पतीचा नुसता व्यभिचार पुरत नसे. त्याच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा परित्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. नुसत्या मारहाणीवर फार तर कायदेशीर विभक्तता मिळे, लग्न मोडत नसे. पत्नीच्या प्रियकराकडून नुकसानभरपाई मागायचा हक्क पतीला होता, जणू कोणी त्याची वस्तू बिघडवली होती. आणि जिल्हा न्यायालयाने घटस्फोट दिला तरी उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी तो कायम करेपर्यंत बाई अधांतरी. प्रगती वर्गीस खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1997 साली पती-पत्नींमधला हा भेद घटनाबाह्य ठरवला. संसदेने कायदा बदलला तो 2001 मध्ये. एकशे बत्तीस वर्षं! आमच्या आज्यांच्या अख्ख्या पिढीला 'सहन कर, क्रूस वाहा' हे जे सांगितलं गेलं, त्यामागे श्रद्धा होती तशीच हीसुद्धा अडचण होती की दुसरी वाटच नव्हती.

वारशाचं चित्र वेगळं आहे. 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात मुलगा-मुलगी समान आहेत. केरळच्या जुन्या त्रावणकोर भागातल्या मुलींना मात्र 1916 च्या स्थानिक कायद्याने मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी ते मिळे. मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 1986 साली निकाल लागला, तेव्हा अंधेरी-मुलुंडच्या कितीतरी मल्याळी शेजारणींचा गावच्या जमिनीतला वाटा उभा राहिला. आमच्याकडे कायदा आधीपासून बरोबरीचा, तरी गावठाणातलं घर भावाच्या नावावर करून देणाऱ्या सह्या बहिणी हसतमुखाने करतात. 'माहेर तुटायला नको,' एवढंच कारण सांगतात. या कायद्यातही एक काटा उरला आहे. अपत्य नसलेला माणूस मृत्युपत्र न करता गेला आणि वडील हयात असतील, तर पत्नीचा हिस्सा सोडून बाकी वडिलांना मिळतं, आईला काही नाही. विधी आयोगाने 2014 साली हे बदलायला सुचवलं होतं.

आणि पुरुष? त्यांच्यापुढे आदर्श ठेवला गेला तो संत योसेफाचा. शुभवर्तमानांत योसेफ एक शब्दही बोलत नाही. रंधा मारतो, बायकोवर बोट उगारत नाही, पोर स्वतःचं नसताना सांभाळतो, रात्रीत कुटुंब घेऊन मिसरला पळतो. रेल्वेत आणि कारखान्यांत राबलेल्या आमच्या कितीतरी बापांच्या खोलीत योसेफाची तसबीर होती. त्यांनी त्याचे कष्ट घेतले आणि त्याचं मौनही घेतलं. त्याची हळुवारता मात्र फार थोड्यांनी घेतली. मस्तक व्हायचं ओझं पुरुषालाही वाकवतं. नोकरी गेलेला बाप रविवारी मिस्साला यायचं टाळतो, तेव्हा त्याला बायबलचा कोणता उतारा वाचून दाखवायचा?

कॅथलिक चर्च हललं ते हळूहळू. वेदीसेवेला मुलींना 1994 साली परवानगी मिळाली. त्याच वर्षी स्त्रियांना याजकपद देता येणार नाही हेही ठामपणे सांगितलं गेलं. प्रोटेस्टंट बाजूला चर्च ऑफ साऊथ इंडियाने 2013 मध्ये पुष्पा ललिता यांना बिशप केलं. भारताच्या कॅथलिक बिशप परिषदेने 2010 मध्ये लिंगसमानतेचं धोरण जाहीर केलं. ते किती पॅरिशांच्या सभांमध्ये उघडून वाचलं गेलं, हे प्रत्येक पॅरिशने आपापलं तपासावं. वाचकाची अधिकृत सेवा बायकांना 2021 साली मिळाली. तोवर कित्येक दशकं त्या पोडियमवर उभ्या राहून वाचतच होत्या.

मला सर्वात जवळचा वाटतो तो पवित्र गुरुवारचा बदल. येशूने शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून फादर बारा जणांचे पाय धुतात. हे बारा पुरुषच असायचे. पोप फ्रान्सिस यांनी 2013 साली रोमच्या बालसुधारगृहात मुलींचेही पाय धुतले आणि 2016 मध्ये नियमच बदलला. आमच्या चर्चमध्ये पहिल्यांदा खुर्च्यांवर बायका बसल्या त्या संध्याकाळी मी तिसऱ्या बाकावर होते. सातव्या खुर्चीवर मासळी विकणारी एक मावशी होती. आयुष्यभर उभं राहून तिच्या टाचांना भेगा पडलेल्या. फादर तांब्या घेऊन तिच्यापुढे गुडघ्यांवर आले, तशी ती गडबडली. तिने चटकन वाकून लुगड्याच्या पदराने दोन्ही पाय स्वतःच पुसून घेतले आणि मगच पुढे केले.