टॅमॉक्सिफेन: छोटी गोळी, लांबचा पल्ला

१९६२ मध्ये इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत टॅमॉक्सिफेन तयार झालं, ते गर्भनिरोधक म्हणून. तिथे ते फसलं. इस्ट्रोजेनवर पोसणाऱ्या स्तनाच्या कर्करोगात मात्र कामी आलं.

रोज २० मिलिग्रॅम, बहुधा ५ ते १० वर्षं. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

खरी गोची वेगळीच. या गोळीने अंगातून वाफा येतात, मन खचतं, आणि दुसरा डॉक्टर पॅरॉक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध लिहून देतो. ते यकृतात टॅमॉक्सिफेनचं प्रभावी रूप पुरेसं बनूच देत नाही! म्हणून जुनी चिठ्ठी प्रत्येक डॉक्टरला दाखवावी.

पोटरी सुजून दुखली किंवा अचानक धाप लागली तर रक्ताच्या गुठळीची शंका घेऊन थेट रुग्णालय गाठावं. पाळी थांबल्यावर पुन्हा रक्त दिसलं, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं. उपचारात दिवस राहू नयेत यासाठी निरोध किंवा तांबी. हार्मोनच्या गोळ्या नकोत.