सेकंदाला ८०० लोकल आणि आपला एक अडकलेला मेल

अंबरनाथच्या एमआयडीसीतल्या ऑफिसात संगणकावर ऑर्डरचा मेल येऊन पडलाय. त्याच क्षणी उल्हासनगर स्टेशनवर उभ्या असलेल्या मालकाच्या मोबाइलमध्ये काल दुपारनंतर काहीच आलेलं नाही. बदलापूरला घरी ठेवलेल्या लॅपटॉपवर तर वाचून झालेले मेल पुन्हा ठळक अक्षरांत ‘न वाचलेले’ म्हणून उभे आहेत. खातं एक आणि चित्रं तीन! ‘सिंक होत नाहीये’ एवढंच आपण म्हणतो. पण या तीन यंत्रांना एका तालात ठेवणारा पसारा केवढा आहे? चला, मोजूया. छाती दडपेल, तरी मोजूया.

रॅडिकाटी या संस्थेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात रोज सुमारे ३४,७०० कोटी ईमेलची ये-जा होत होती. हा आकडा हातात कसा धरायचा? एक मेल म्हणजे एक लिटर पाणी समजा आणि बदलापूरजवळच्या बारवी धरणावर या. उंची वाढवल्यानंतर बारवीत सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर, म्हणजे ३४,००० कोटी लिटर पाणी मावतं. म्हणजे जग रोज एक अख्खं बारवी भरतं! पावसाची वाट न बघता, काठोकाठ, आणि वर ७०० कोटी लिटर सांडव्यावरून सोडून देतं.

विहिरींत मोजायचंय? ६ मीटर रुंद आणि १० मीटर खोल विहिरीत २.८३ लाख लिटर पाणी राहतं. अशा १२ लाख विहिरी लागतील. आता २०११ ची जनगणना काढा. उल्हासनगर ५,०६,०९८. अंबरनाथ २,५३,४७५. कुळगाव-बदलापूर १,७४,२२६. बेरीज ९,३३,७९९. तान्ह्या बाळापासून पणजोबांपर्यंत प्रत्येकाला एकेक विहीर वाटली, तरी अडीच लाखांहून जास्त विहिरी उरतात. आणि हे वाटप रोजचं!

आता हेच एका सेकंदावर आणा. ४० लाख मेल! गर्दीच्या वेळी १२ डब्यांच्या लोकलमध्ये ५,००० माणसं धरली, तर ८०० लोकल. एका सेकंदात ८०० गच्च गाड्या! ‘पुढील स्टेशन अंबरनाथ’ ही घोषणा संपेपर्यंत दीड-दोन हजार गाड्या निघून गेलेल्या असतात.

आणि वेग? काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबई-पुणे रेल्वेचं अंतर १९२ किलोमीटर. म्हणजे डोळा मिटून उघडायच्या आत मुंबई-पुणे शंभरावर वेळा, आणि सेकंद पुरा होईपर्यंत हजारावर वेळा! बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर जायला लोकलला साधारण दीड तास लागतो. तेवढ्या वेळात तंतूतला प्रकाश १०८ कोटी किलोमीटर कापेल. पृथ्वी ते सूर्य हे अंतर सात वेळा पार करून वर पुन्हा पुढे!

एवढं सगळं अव्याहत चाललेलं असताना आपला मेल अडतो कुठे? बहुतेक वेळा आपल्याच टोकाला, चार-पाच ठरलेल्या जागी. म्हणून पहिलं काम एकच. ब्राउझर उघडून वेबवर खातं बघा. तिथे मेल दिसला तर बारवी भरलेलं आहे, घरचा नळ तेवढा अडलाय. तिथेही दिसला नाही तर स्पॅममध्ये डोकवा. जीमेल रोज जवळपास १,५०० कोटी नकोशा मेलना अडवतं, असं गूगल सांगतं. आपल्या मापात रोज ५३,००० विहिरी गढूळ पाणी! एवढ्या गाळणीत एखादा घोट चांगलं पाणीही अडकू शकतं.

मग खात्यातली साठवणीची जागा बघा. १९९६ साली सुरू झालेल्या हॉटमेलमध्ये २००४ च्या सुरुवातीलाही फुकट जागा होती २ एमबी. एका बाइटला एक रुपया धरा, तर २० लाख रुपये. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं १ जीबी घेऊन. थेट १०० कोटी! आज फुकट मिळतात १५ जीबी. १,५०० कोटी रुपये! एक देवनागरी अक्षरचिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे ५०० कोटी चिन्हं. पानाला १,५०० चिन्हं धरली तर ३३ लाख पानं. ए-फोर आकाराची ही पानं टोकाला टोक लावून मांडली तर ९९० किलोमीटर. मुंबई-पुणे मार्ग पाच वेळा झाकला जाईल!

तरी ही तिजोरी भरते. कारण ती फोटो आणि ड्राइव्ह यांच्याशी वाटून घ्यायची असते. जोडलेली फाइल मेलमधून जाताना दर ३ बाइटचे ४ बाइट होतात. १२ डब्यांची लोकल जणू १६ डब्यांची होऊन धावते. जीन्सच्या नमुन्यांचे फोटो पाठवणाऱ्या व्यापाऱ्याच्या खात्यात २५ एमबीचे ६०० मेल साठले, की १५ जीबी संपले. जागा संपली की मेल यायचेच थांबतात. मोठे मेल शोधून पुसा, कचरापेटी रिकामी करा.

पुढची जागा जोडणीच्या प्रकाराची. १९८४ चं पॉप म्हणजे विहिरीवरून बादली भरून घरी नेणं. बादली ज्याच्या घरी गेली, पाणी त्याचंच. १९८६ मध्ये स्टॅनफर्डच्या मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅप सुरू केलं. पाणी धरणातच राहतं, घरोघरी नळ. ऑफिसचा संगणक पॉपवर असेल आणि सर्व्हरवर प्रत ठेवत नसेल, तर मोबाइल कोरडाच राहणार. सगळीकडे आयमॅप करा.

आयमॅपमध्ये फोल्डरमधल्या प्रत्येक मेलला चढत्या क्रमाने नंबर मिळतो. असे नंबर आहेत ४२९ कोटींहून जास्त. रोज १०० मेल आले तरी ते १,१७,००० वर्षं पुरतील. अंबरनाथचं शिवमंदिर १०६० सालचं. त्याच्या वयाच्या सुमारे १२० पट काळ! ‘माझ्याकडे इथपर्यंतचे आहेत, पुढचे दे’ एवढंच यंत्र सर्व्हरला सांगतं आणि ताल जुळतो. म्हणून वैतागून खातं काढू नका. पुन्हा जोडल्यावर मोजणी पहिल्यापासून सुरू होते. जीमेल आयमॅपवरून दिवसाला २,५०० एमबीच उतरवू देतं. भरलेले १५ जीबी उतरायला ६ दिवस!

आता घड्याळ. साइन इन करताना मोबाइलमधल्या ॲपवर येणारा सहा अंकी कोड घ्या. शक्यता १० लाख. तिन्ही शहरांतल्या ९,३३,७९९ जणांना वेगवेगळा कोड दिला तरी ६६,२०१ कोड शिल्लक! आणि ही वाटणी दर ३० सेकंदांनी मोडून नवी मांडली जाते. दिवसात २,८८० वेळा, वर्षात १० लाखांहून जास्त वेळा! मोबाइलचं घड्याळ काही मिनिटं चुकलं की कोड नाकारला जातो. तारीख चुकली तर मोबाइल सर्व्हरच्या ओळखपत्रालाच खोटं ठरवतो. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा.

मग पासवर्ड. ऑफिसात बदलला, घरी जुनाच राहिला, की घरचं यंत्र दाराबाहेर. २०२२ मध्ये गूगल आणि मायक्रोसॉफ्ट दोघांनीही नुसत्या पासवर्डवर आत येणाऱ्या जुन्या ॲपना दार बंद करायला सुरुवात केली. ॲप अपडेट करून प्रत्येक यंत्रावर पुन्हा साइन इन करा. दार उघडण्याआधीच यंत्र आणि सर्व्हर गुपचूप एक ताजी चावी बनवतात. ही चावी १२८ बिटांची असेल तर शक्य चाव्या किती? ३४ वर ३७ शून्यं! पृथ्वीवरच्या समुद्रांत १३३ कोटी घन किलोमीटर पाणी आहे. एका मिलिलिटरचे २० थेंब धरून सगळा समुद्र थेंब थेंब मोजा आणि प्रत्येक थेंबाला एक चावी द्या. चाव्या संपत नाहीत. दुसरी पृथ्वी आणा, तिचेही समुद्र मोजा. संपत नाहीत. हजार पृथ्व्या आणा, कोटी आणा, लाख कोटी आणा! १२ लाख कोटींहून जास्त पृथ्व्यांचे समुद्र मोजून झाले की कुठे चाव्या संपतात. आणि त्यातली नेमकी एक चावी आपल्या मोबाइलकडे असते!

हे सगळं बरोबर असतं तेव्हा उरतो फक्त एक बिट. मोबाइलच्या सेटिंगमधलं सिंकचं बटण, बंद म्हणजे ०, चालू म्हणजे १. बॅटरी वाचवायच्या नादात ते नकळत बंद झालेलं असतं आणि ८०० लोकल, भरलेलं बारवी, १२ लाख कोटी पृथ्व्या त्या एका शून्यापाशी थबकतात. आत्ताच सेटिंग उघडा आणि त्याचा १ करा.