तिसरी विहीर

मे महिना. सकाळचे साडेनऊ. नेवासे तालुक्यातलं एक गाव. चर्चच्या पत्र्यावर ऊन आत्ताच तापायला लागलंय. दारात चपलांचा ढीग पडलाय आणि त्यातून एक चिमुरडा आपली जोडी शोधतोय. त्याच्या हाती दोन्ही डाव्याच लागतात.

"जय ख्रिस्त, बाई!" आत शिरणारं प्रत्येक पोर ओरडतं. ही सुट्टीतली बायबल शाळा. मुलं तिला 'व्हीबीएस' म्हणतात.

आत सतरंज्या. बारकी पुढे, मोठी भिंतीला टेकून. वीज गेलेली. पंख्याकडे बघून उपयोग नाही, म्हणून वहीच्या पुठ्ठ्यांनी वारा घेणं चाललंय. पेटीवर एक तरुण, ढोलकीवर त्याचा धाकटा भाऊ. भजन सुरू होतं, त्याची चाल अभंगाची. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती भजनाला हे मराठी वळण दिलं, त्याला शंभराहून अधिक वर्षं झाली. मुलांना त्याचं काही नाही. त्यांना टाळ्या कुठे वाजवायच्या तेवढं पक्कं ठाऊक आहे.

बाई फळा मांडतात. लाकडी चौकट, तिच्यावर फ्लॅनेलचं कापड. कागदी चित्रांच्या पाठीला पॉलिशपेपरचे तुकडे लावलेत, त्यामुळे ती कापडाला धरून राहतात. उंट मात्र धरत नाही. दोनदा पडतो. पोरं दोन्ही वेळा हसतात.

गोष्ट इसहाकाची आहे, उत्पत्तीच्या 26 व्या अध्यायातली. बापाने खणलेल्या विहिरी शत्रूंनी मातीने बुजवल्यात. इसहाकाचे चाकर खोऱ्यात नवी विहीर खणतात. झरा लागतो. लगेच तिथले गुराखी येतात, पाणी आमचं म्हणतात. इसहाक पुढे सरकतो. दुसरी विहीर, पुन्हा तंटा. तो आणखी पुढे जातो. तिसऱ्या विहिरीवर भांडायला कोणी येत नाही.

पाण्याचं भांडण इथे समजावून सांगावं लागत नाही. मुळेच्या कालव्याचं आवर्तन, रात्रीची पाळी, कोणी फोडलेला पाट, कोरलेला बांध हे सगळं या पोरांनी घरी ऐकलेलं असतं. मागच्या रांगेतला एक जण हात वर करतो.

"बाई, मग दरवेळी आपणच उठून जायचं का? आमचे आबा असे उठून गेले असते तर वावरच राहिलं नसतं."

बाई उत्तर देत नाहीत. "कोण सांगतं?" एवढंच विचारतात. पुठ्ठे थांबतात. एक मुलगी उभी राहते. "पण त्याने खणायचं कुठं सोडलं?"

मग बाई गोष्टीचा उरलेला भाग सांगतात. हाकलून देणारेच पुढे इसहाकाच्या दारी येतात. मला घालवून देऊन आता कशाला आलात, हे तो त्यांना तोंडावर विचारतो. गिळून टाकत नाही. मग जेवू घालतो. सकाळी आणाभाका होतात. त्याच दिवशी चाकर नव्या विहिरीला पाणी लागल्याची खबर आणतात.

मागच्या रांगेतल्या मुलाचं समाधान झालेलं दिसत नाही. बाई त्याला तसंच बसू देतात.

बाहेर लिंबाखाली मोठ्यांचा वर्ग. विषय क्षमेचा. किती वेळा क्षमा करायची, सात वेळा का, असं पेत्र येशूला विचारतो. उत्तर मिळतं, सातांच्या सत्तर वेळा. एकाने वहीत गुणाकार केलाय: 490. तो तितक्या रेघा मारायला घेतो आणि चाळिशीतच कंटाळतो.

साडेअकरा. सरबताची रांग. स्टीलचे पेले कमी, पोरं जास्त. ऊन डोक्यावर. मध्येच धक्काबुक्की होते, एक पेला सांडतो, दोघे एकमेकांची कॉलर धरतात. बाई दोघांना रांगेबाहेर घेतात. ओरडत नाहीत. "त्याचं म्हणणं काय आहे, ते तू सांग. मग तुझं तो सांगेल." पहिला आपलंच गाऱ्हाणं सुरू करतो. "तुझं नाही, त्याचं." बराच वेळ कोणी बोलत नाही. रांग पुढे सरकत राहते. शेवटी एक जण पुटपुटतो, "तो म्हणतो, मी आधी ढकललं." दुसरा म्हणतो, "आणि तो म्हणतो, त्याचा नंबर होता." बाई दोघांना रांगेच्या शेवटी उभं करतात.

नगर जिल्ह्यात हा गोष्टींचा वर्ग नवा नाही. 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशनने नगरला ठाणं केलं, 1842 मध्ये इथूनच 'ज्ञानोदय' निघालं, पुढे मुलांसाठी 'बालबोधमेवा' आला. त्याच्याही कितीतरी आधी, 1290 मध्ये, याच तालुक्यात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. यातली बरीच मुलं जूनपासून शाळेत पसायदानही म्हणतील.

मुलांना गोष्टी जरूर सांगा, कोणत्याही ग्रंथातल्या सांगा. फक्त आबांच्या वावराचा प्रश्न आला की तात्पर्य सांगून विचारणाऱ्याला गप्प करू नका. भांडण मिटवायला तो तिथूनच शिकणार आहे.