चेहरा, मलम आणि औषधाचे दुकान

चेहऱ्याची निगा राखणे हा रिकाम्या वेळेचा आणि भरल्या खिशाचा षोक आहे, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. दुकानात उभी राहून माल विकणारी मुलगी, मुलाखतीस निघालेला उमेदवार, लग्नाची बोलणी चालू असलेले घर, या सर्वांस चेहरा ही पोटापाण्याची आणि अब्रूची बाब वाटते. उल्हासनगरच्या कॅम्पांत किंवा अंबरनाथ-बदलापूरच्या चाळींत राहणारा कष्टकरी त्वचारोगतज्ज्ञाकडे क्वचितच जातो. सरकारी रुग्णालयात नंबर लावायचा तर दिवसाची मजुरी बुडते. खाजगी डॉक्टरची फी निराळीच. उलट औषधाचे दुकान स्टेशनच्या वाटेवर असते, रात्री उशिरापर्यंत उघडे असते, आणि तेथे सल्ल्याचे पैसे पडत नाहीत. तेव्हा तो तेथे जातो व म्हणतो, ‘चेहऱ्याला काहीतरी चांगले द्या.’ या एका वाक्याचे पुढे काय होते, ते आज समजून घेऊ.

विलायतेत या मागणीस अलीकडे एक नवे उत्तर मिळू लागले आहे. तेथील काही औषधांच्या दुकानांत शस्त्रक्रियेवाचून चेहऱ्यावर उपचार करतात. त्यांतले मुख्य दोन. पहिला बोटुलिनम टॉक्सिनचा, ज्यास लोक बोटॉक्स म्हणतात. हे जंतूपासून मिळणारे जहाल विष. पण अत्यल्प मात्रेत टोचले असता मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप अडतो, स्नायू सैल पडतो आणि कपाळावरची आठी तीन-चार महिने मावळते. अमेरिकेत १९८९ साली ते डोळ्यांच्या तिरळेपणासाठी मान्य झाले व २००२ साली भुवयांमधल्या आठ्यांसाठी. दुसरा उपचार फिलरचा, म्हणजे भरावाचा. कातडीखाली हायलुरॉनिक ॲसिडासारखा पदार्थ भरून गाल किंवा ओठ उठावदार करतात. हा पदार्थ चुकून रक्तवाहिनीत गेला, तर रक्तपुरवठा तुटून कातडी मरते; क्वचित दृष्टीही जाते.

तरी तेथे हे चालते, कारण २००६ पासून तेथील विशेष शिक्षण घेतलेल्या फार्मासिस्टांस स्वतः औषधाची चिठ्ठी लिहिण्याचा अधिकार मिळू शकतो. शिवाय इंग्लंडात १ ऑक्टोबर २०२१ पासून अठरा वर्षांखालील मुलामुलींस निव्वळ रूपासाठी ही इंजेक्शने देणे गुन्हा ठरले आहे. आपल्याकडे फार्मासिस्टला असा अधिकार नाही. डॉक्टरच्या चिठ्ठीप्रमाणे औषध देणे आणि ते कसे घ्यावे हे रुग्णास समजावून सांगणे, हे त्याचे काम २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांत लिहिलेले आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत कोणी चेहऱ्यावर सुई टोचू म्हणेल, तर तेथून उठून यावे, एवढेच सांगतो.

मग आपल्या दुकानांतून चेहऱ्यावर उपचार होत नाहीत काय? होतात, पण सुईने नव्हे, ट्यूबने. ही ट्यूब बहुधा स्टेरॉइडची असते. कॉर्टिसोन या द्रव्याने संधिवाताचे रोगी उठून चालू लागले, आणि त्याबद्दल १९५० साली तिघा शास्त्रज्ञांस नोबेल पारितोषिक मिळाले. १९५२ साली त्याच कुळातले हायड्रोकॉर्टिसोन कातडीवर लावून गुण येतो असे दिसले. पुढे बीटामेथासोन, मोमेटॅसोन, क्लोबेटासोल अशी कितीतरी जोरदार भावंडे निघाली. इसब, सोरायसिस यांसारख्या रोगांत हे औषध वरदान आहे, यात शंका नाही.

पण तेच निरोगी चेहऱ्यावर रोज चोळले तर काय होते? स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, दाह दबतो आणि रंग फिका पडतो. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो, शेजारीपाजारी विचारतात. त्यानंतर कातडी पातळ होऊ लागते, आतल्या बारीक रक्तवाहिन्या जाळीसारख्या दिसतात, मुरमे फुटतात, बायकांच्या गालावर लव वाढते. घाबरून मलम बंद करावे, तर चेहरा लाल होऊन आग करतो. पुन्हा लावले की शांत होतो. माणसास वाटते, मलम चांगले आहे, ते सोडले म्हणून त्रास झाला. दारूचे व्यसन असेच जडते. अनेक ट्यूबांत स्टेरॉइडबरोबर हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन मिसळलेले असते. ते मिश्रण वांगाच्या डागांवर, डॉक्टरच्या नजरेखाली, थोडे आठवडे वापरावयाचे असते. गोरे होण्यासाठी वर्षानुवर्षे नव्हे.

देशातील बारा केंद्रांतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी केलेली एक पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण त्यांनी तपासले. त्यांपैकी ४३३ जण चेहऱ्यास स्टेरॉइड लावीत होते, आणि या ४३३ मधील २५७ जणांस ते सुचवणारा डॉक्टर नव्हताच. म्हणजे शंभरांतले एकोणसाठ. पुढे २०१८ साली केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमे शेड्यूल एच या यादीत स्पष्टपणे घातली. चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. कायदा झाला, पण चिठ्ठी मागण्याची सवय कायद्याबरोबर येत नाही, ती गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघांना लावून घ्यावी लागते.

स्टेरॉइडहून वाईट ती बिननावाची डबी. २०२२ साली अकोल्यातील एका घरातल्या आई व दोन मुलींनी गोरेपणाचे एक मलम वापरले आणि तिघींच्या मूत्रपिंडांस विकार जडला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात शोध घेता मलमात पारा निघाला. पारा कातडीत रंग तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण तो कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाची चाळणी बिघडवतो. केरळातील डॉक्टरांनी मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात अभ्यासले. त्यांतील पंधरांचा प्रकार सारखा निघाला आणि त्या पंधरांतल्या तेरांनी गोरेपणाचे मलम लावल्याचे सांगितले. आपल्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे अशा मलमात नकळत आलेला पारासुद्धा दहा लाख भागांत एका भागाहून अधिक चालत नाही.

दोष एकट्या दुकानदाराचा म्हणावा काय? काउंटरमागे उभा असलेला तरुण पुष्कळदा पगारी नोकर असतो. विक्री वाढव, असे मालक सांगतो. ट्यूब दे नाहीतर पलीकडच्या दुकानात जातो, असे गिऱ्हाईक सांगते. नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच अशी औषधे दिली पाहिजेत, असा कायदा आहे. पण कोठे कोठे प्रमाणपत्र भिंतीवर असते आणि माणूस दुसरीकडे. ‘नाही’ म्हटल्याने ज्याची नोकरी जाईल, त्याच्याकडून ‘नाही’ ऐकण्याची आशा करणे व्यर्थ आहे. म्हणून हजर फार्मासिस्ट, त्याला रास्त पगार आणि नोकरीची शाश्वती ही नोकराची मागणी आहे तशीच गिऱ्हाइकाचीही असली पाहिजे.

कामगारांसाठी आणखी एक गोष्ट. अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांत काम करणाऱ्याच्या तोंडावर किंवा मानेवर चट्टा उठला, तर तो कामावरच्या रसायनाचाही असू शकतो. असा त्वचारोग कायद्याच्या यादीत व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेला आहे. दुकानातली ट्यूब लावली की चट्टा दबतो, पुरावा पुसला जातो, आणि रसायन मात्र तसेच अंगावर येत राहते. विम्याचे कार्ड असेल त्याने आधी कामगार विमा दवाखान्यात जावे, आपण कोणत्या खात्यात काम करतो हे डॉक्टरला सांगावे व केसपेपरवर लिहून घ्यावे.

बाकीच्यांनी काय करावे? चेहऱ्याचे मलम घेताना त्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच क्रमांक व घटकांची यादी आहे की नाही ते पाहावे. परदेशी मालावर आयातदाराचे नाव असावे. बिल घ्यावे. ‘यात स्टेरॉइड आहे काय?’ हा प्रश्न न लाजता विचारावा. स्टेरॉइड लावणे चालू असेल तर मनानेच एकदम बंद न करता डॉक्टरला दाखवावे. औषधाने अपाय झाला तर १८००-१८०-३०२४ या केंद्रीय क्रमांकावर फुकट कळवता येते. बनावट मालाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करावी.

औषधाचे दुकान गरिबाच्या सर्वांत जवळचा दवाखाना आहे, आणि ते तसेच राहावे. मात्र तेथून चेहऱ्यासाठी घरी न्यावयाची सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे खरा सल्ला. पुढच्या वेळी काउंटरवरच्या मुलाने ‘आधी डॉक्टरला दाखवा’ असे म्हटले, तर रागावून दुसऱ्या दुकानात जाऊ नका. त्याचे आभार माना आणि पुढचे औषध त्याच्याकडूनच घ्या.